तुराटी, राख आणि डफडं : गावच्या शाळेची परेड पंधरा दिवसांत कशी बसवायची

जानेवारी लागला की शाळेतून एखादं पोट्टं सांगावा घेऊन येतं, "फौजी आबाजी, हेडसरांनी चहाले बोलावलं." चहा नावापुरता. तिकडे गेलं की छत्तीस पोरं मैदानात उभी असतात, अर्धी विश्राममध्ये, अर्धी नाकात बोट घालून, आणि पंधरा दिवसांवर २६ जानेवारी.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात हे काम मी अकरा वर्षं करतो आहे. आता आजूबाजूच्या गावांतले सर-मॅडमही विचारायला येतात. प्रत्येकाला ओट्यावर बसून सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. मला जे येतं ते सगळं १९७६ सालचं आहे. नागपूरच्या भरतीत निवड झाली. मग इटारसी, तिथून बीना, बीनाहून गाडी बदलून सागर. महार रेजिमेंटच्या सेंटरात काळा ट्रंक आणि बिस्तरबंद घेऊन उतरलो तेव्हा मला डावं-उजवं कळायचं, पण हुकूम झाल्यावर कळायचं नाही. हा फरक ज्याला समजला त्याला परेड शिकवता येते.

आमचे ड्रिल उस्ताद हवालदार होते, सातारकडचे. मैदानावर एक शब्द मराठी बोलायचे नाहीत. सकाळी आम्ही फॉल-इन व्हायच्या आधी ते तिथे उभे असायचे, पँटला अशी कडक घडी की बोट कापावं. काखेत पेस स्टिक. ही म्हणजे कंपासासारखी उघडणारी लाकडी काठी. तिची दोन टोकं तीस इंचांवर उघडून ते आमचं पाऊल मोजत चालायचे. ओरडायचे खूप. सिनेमात दाखवतात ते तेवढंच. पण नऊ महिन्यांत माझ्या लक्षात राहिलं ते त्यांचं ओरडणं नव्हे, दोन शब्दांच्या मधे ते जे गप्प राहायचे ते. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आधी जमीन

आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात चिखल, जानेवारीत भेगा, आणि भेगेत एखाद्या पोराची टाच गेली की रांग कोसळली. पहिल्याच दिवशी मुरूम टाकून भेगा बुजवा, पाणी शिंपडा, एक रात्र बसू द्या. रेषा मारायला कळीचा चुना वापरू नका. अर्धी पोरं अनवाणी असतात, पाय भाजतात. चुलीतली राख चाळून घ्या. दवानं ओली झाली तर सकाळी पुन्हा मारावी लागते, एवढंच.

पेस स्टिक कुणाकडे नसते. आपल्याकडे त्या दिवसांत तूर निघालेली असते. एक सरळ तुराटी घ्या, साल काढा आणि टेपने मोजून कापा. फौजेत तेज चालीचं पाऊल तीस इंचांचं. पाचवी-सहावीच्या पोराला ते झेपत नाही, ते उड्या मारत चालतं. मी दोन फुटांची तुराटी कापतो. मैदानावर राखेच्या आडव्या रेघा दोन-दोन फुटांवर मारायच्या आणि पहिले तीन दिवस पोरांना त्या रेघांवरून चालवायचं. पायाकडे बघू द्या, हरकत नाही. चौथ्या दिवशी झाडूने रेघा पुसून टाका. पाय लक्षात ठेवतात.

उंची लावणे

बहुतेक शाळांत उंच पोरं मागे आणि बुटकी पुढे उभी करतात. फोटोसाठी ते ठीक आहे, चालायला नाही. फौजेची पद्धत अशी : सगळ्यांना एका रांगेत उभं करा, सगळ्यात उंच उजव्या टोकाला, सगळ्यात बुटकं डाव्या टोकाला. "लंबा दाहिने, छोटा बाएँ." मग गिनती. एक, दोन, तीन, असं छत्तीसपर्यंत. विषम आकड्यांनी एक पाऊल पुढे, सम आकड्यांनी एक पाऊल मागे. एक नंबर जागेवर राहतो, बाकीचे विषम उजवीकडे वळतात, सम डावीकडे. आता विषमची रांग एक नंबरच्या बाजूला सरकते आणि समची रांग वळसा घालून विषमच्या शेपटाला लागते. म्हणजे एक, तीन, पाच करत पस्तीस; त्याच्यापुढे छत्तीस, चौतीस, बत्तीस करत शेवटी दोन. पुढून एक-दोन-तीन मोजत तीन ओळी पाडल्या की दोन्ही टोकांना उंच पोरं आणि मधे बुटकी. लांबून बघा, गावाकडच्या झोळीसारखा मधे थोडा झोल दिसतो, पण टोकं ताठ राहतात आणि ओळ धरून चालतात.

कागदावर वाचून हे समजत नाही, मलाही समजलं नव्हतं. घरी दहा बोरं घ्या, लहान-मोठी, आणि ओट्यावर मांडून बघा. पाच मिनिटांत उलगडतं.

पोरं आणि पोरी वेगळ्या ओळीत लावा असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. मी लावत नाही. उंचीला काय कळतं.

हुकूम

आता मुख्य गोष्ट. पहिल्या महिन्यात उस्तादांनी आम्हाला दोन रांगांत, शंभर पावलांच्या अंतरावर समोरासमोर उभं केलं आणि एकमेकांना हुकूम द्यायला लावले. मी लहानपणी मचाणावर जागलीला जायचो, रानडुकरं हाकलायला. माझा आवाज तिकडे पोचेल याची मला खात्री होती. छाती भरून ओरडलो. उस्ताद जवळ आले, म्हणाले, "जवान, तू सूअर भगा रहा है. इन को खड़ा करना है."

हुकमाचे दोन भाग असतात. पहिला भाग सावध करतो, दुसरा काम करवून घेतो. "परेड" हा पहिला. तो लांब, सैल. मग थांबायचं. मग "सावधान", आणि त्यातलं "धान" कुऱ्हाडीच्या घावासारखं आखूड. मधली जी जागा आहे, साधारण एका श्वासाची, तिथे पोराचं अंग तयार होतं. ती जागा दिली नाही तर अर्धी पोरं आधी हलतात, अर्धी नंतर, आणि सर चिडून पुन्हा जोरात ओरडतात. जोरात ओरडून काही होत नाही. जागा द्या. दर वेळी तेवढीच द्या. आज एक श्वास आणि उद्या दोन, असं झालं की पोरं अंदाज लावायला लागतात, आणि अंदाजाने चालणारी ओळ कधी सरळ चालत नाही.

आवाज घशातून काढू नका, चौथ्या दिवशी बसतो. पोटातून काढा. बैलाला लांबून हाक मारतो ती पोटातून असते, तशी.

आणखी एक. शाळेत पोरांना "दक्ष" शिकवलेलं असतं, मी "सावधान" म्हणतो. पहिल्या वर्षी यावरून शाळेत थोडी वादावादी झाली. माझं मत असं की पोरांच्या कानाला जे सवयीचं आहे तेच ठेवा, फक्त दोन्ही मिसळू नका. "दक्ष" ठेवलं तर आधीचा "परेड" जास्त लांबवा. "सावधान" ठेवलं तर आठवीतलं एखादं पोट्टं रामदास स्वामींचा विनोद करणारच, की सावधान ऐकून ते बोहल्यावरून पळाले. एकदा हसू द्या, मग दुसऱ्यांदा हसणाऱ्याला पुढे बोलावून हुकूम द्यायला लावा. हुकूम देणाऱ्याला हसू येत नाही.

उभं राहणं

सावधान : टाचा जुळलेल्या, पायाचे पंजे तीस अंशांत उघडे, मुठी बंद, अंगठा पुढे, पँटच्या शिवणीला चिकटलेला. छाती उचललेली, नजर आपल्या उंचीवर. विश्राम : डावा पाय बारा इंच बाजूला, हात मागे, उजवा हात डाव्यावर. तीस अंश कसा सांगायचा? मी पोरांना टाचा जुळवून पंजांच्या मधे स्वतःची मूठ बसते का बघायला सांगतो. बसली की झालं.

बूट नसतील तर पाय आपटू देऊ नका. आमच्या बुटांना खाली खिळे आणि टाचेला नाल होती, सिमेंटवर आवाज घुमायचा, म्हणून आम्ही पाय आपटायचो. अनवाणी पोराने मुरमावर टाच आपटली तर रात्री त्याची माय तुमच्या दारात येईल. आणि अर्ध्यांना बूट, अर्ध्यांना नाही, असं असेल तर सगळ्यांना अनवाणी चालवा. गेल्या वर्षी आम्ही तसंच केलं. कुणाच्या पायात काय आहे ते मग कुणी बघत नाही.

वळण्याचं गणित सोपं आहे आणि तरी सगळे चुकतात : ज्या बाजूला वळायचं त्या पायाची टाच, दुसऱ्या पायाचा पंजा. उजवीकडे वळताना उजवी टाच, डावा पंजा. मागे वळायचं असेल तरी उजवीकडूनच. हे आधी मोजून करा, फौजेत याला "गिनती से" म्हणतात. "एक" म्हटलं की फक्त वळायचं आणि तिथेच थांबायचं, मागचा पाय मागेच. "दोन" म्हटलं की तो पाय आणून जुळवायचा. उस्ताद आधी एक शब्द न बोलता स्वतः करून दाखवायचे, त्याला ते "नमूना" म्हणायचे. मग बोलत-बोलत पुन्हा करायचे. मग आम्ही. कितीही राग आला तरी त्यांनी नमूना दिल्याशिवाय आमच्याकडून काही करून घेतल्याचं मला आठवत नाही. ज्या सरांना स्वतः वळता येत नाही त्यांनी संध्याकाळी घरामागे जाऊन सराव करावा. लाज वाटत असेल तर दार लावून.

चालणं

दर वर्षी दोन-तीन पोरं अशी निघतात की उजवा हात आणि उजवा पाय एकदम पुढे. चिडू नका. मी स्वतः तसा होतो. दुसऱ्या आठवड्यात उस्तादांनी मला ओळीतून काढलं आणि पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. फक्त चाल, काही मोजू नको. गेलो आणि आलो. म्हणाले, "आते-जाते ठीक चला. ओळीत आलास की डोकं चालवतोस." हे दुसरं वाक्य मराठीत होतं, आणि मैदानावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकमेव मराठी वाक्य. तीच युक्ती मी वापरतो : त्या पोराला हातपंपापर्यंत पाठवतो, येताना फक्त हाताची कोपरं सरळ करायला सांगतो. हळूहळू हात खांद्याइतका वर. दोन दिवस लागतात. डाव्या पायाला सुतळी बांधली की "बायाँ" ऐकून शोधाशोध होत नाही, पण समारंभाच्या दिवशी ती सोडायची आठवण ठेवा.

वेग : फौजेत मिनिटाला १२० पावलं, म्हणजे सेकंदाला दोन. घड्याळातला सेकंद काटा बघून टाळी वाजवता येते. पोरांना एकशे दहाच्या आसपास ठेवा. ढोल नसेल तर गावातला डफडं वाजवणारा बोलवा, फक्त त्याला आधी सांगा. आमच्या इथला भला माणूस पहिल्या दोन फेऱ्या बरोबर वाजवतो, तिसऱ्या फेरीला त्याचा हात वरातीकडे वळतो आणि सातवीतली पोरं खांदे हलवायला लागतात.

थांबवण्याचा हुकूम केव्हा द्यायचा हे कुणी शिकवत नाही. "थम" हा शब्द डावा पाय जमिनीला लागताना पडला पाहिजे. मग उजवा एक पूर्ण पाऊल जातो, डावा येतो, उजवा त्याला जुळतो. "खाली, एक, दो." उजव्यावर दिलात तर पोरं गोंधळतात, आणि लोक म्हणतात पोरं कच्ची आहेत. सुरुवातीला मनात "डावा-डावा-डावा" म्हणत बाजूने चालत राहा आणि तोंड तेव्हाच उघडा.

कोपऱ्यावर पूर्ण ओळीने वळताना आतलं पोर जागच्या जागी छोटी पावलं टाकतं, बाहेरचं लांब. आधी मी सांगायचो, खळ्यात मळणीला मेढीजवळचा बैल कसा चालतो आणि कडेचा कसा पळतो, तसं. आता थ्रेशर आले, पोरांनी पात फिरताना बघितलेलीच नाही. म्हणून मी मधे एक खुंटी ठोकतो, दोर बांधतो आणि तिघांना तो धरून फिरवतो. तीन फेऱ्यांत येतं.

सलामी

पोरं मंचासमोर तीन ओळींत उभी असतात तेव्हा पुढची ओळ पुढे असते. "दाहिने मुड़" झालं की तीच ओळ डावीकडची होते आणि मागची ओळ उजवीकडची. मंच उजव्या हाताला असेल तर "दाहिने देख" म्हटल्यावर सगळ्यांच्या माना वळतात, फक्त त्या उजव्या कडेच्या ओळीची नाही. ती समोर बघत चालते, म्हणूनच रांग वाकडी होत नाही. त्या ओळीत सगळ्यात शांत पोरं ठेवा. आमच्याकडे तिथे दोन वर्षं एक मुलगी होती, तिच्या समोरून म्हैस गेली तरी ती मंचाकडे बघायची नाही. म्हैस खरंच गेली होती.

राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ न हलता उभं राहण्याचा वेगळा सराव करा, रोज एकदा, शेवटी. डोळ्यावर चिलट बसलं तरी. आपल्या मैदानावर ते बसतंच.

काय घेऊ नये

१९७६ चं सगळं घ्यायचं नाही. आमच्या वेळी चूक झाली की फ्रंट रोल, पाठीवर पिठ्ठू घेऊन धाव, पुढे मुर्गा. आम्ही त्याला रगडा म्हणायचो. अठरा वर्षांचे होतो, पोटात लंगरचं जेवण होतं, आणि आम्ही तिथे स्वतःहून गेलो होतो. सहावीतलं पोर स्वतःहून आलेलं नाही. त्याला उन्हात पळवून काही होत नाही, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे. एखादा फौजी सुट्टीवर आला आणि पोरांना "थोडं टाइट करतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि शेतावर पाठवा.

दुसरी नकोशी गोष्ट म्हणजे पॉलिशचं वेड. संध्याकाळी आम्ही टोपीचा बिल्ला ब्रासोने घासायचो, आडव्या-तिरप्या दोन मशीनगन, मधे खंजीर, खाली "यश सिद्धी". बुटाच्या टोकावर गरम चमच्याने पॉलिश वितळवून इतकं घासायचो की त्यात तोंड दिसावं. मी एका रात्री चमचा जास्त तापवला आणि बुटाचं चामडंच जाळलं. शाळेत गणवेश धुतलेला आणि गुंड्या जागेवर एवढं पुरे.

२६ तारखेला

पोरांना खाऊन यायला सांगा. पोहे, शिळी पोळी, काहीही. मी एका सरावाला उपाशी उभा होतो, गुडघे घट्ट आवळून, आणि बाराव्या मिनिटाला सरळ तोंडावर पडलो. तेव्हा एका जुन्या जवानाने सांगितलं की बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहावी आणि वजन थोडं पंजांवर ठेवावं. बाहेरून दिसत नाही, रक्त फिरत राहतं. हे पोरांना आधीच सांगा. आणि एखादं पडलंच तर शेजाऱ्याने हलायचं नाही. मागे उभ्या दोन मॅडम ठरवून ठेवा, त्या उचलतील.

पाहुणे उशिरा येतात. याचा हिशेब नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. मारुतीच्या देवळाजवळ एक पोर उभं करतो. गाडी वळली की ते हात वर करतं. तोपर्यंत परेड "आराम से", गप्पा चालतील, बसलं तरी चालेल, फक्त जागा सोडायची नाही. हात वर झाला की विश्राम. पाहुणे खुर्चीजवळ आले की सावधान. एक वर्ष पाहुणे पाऊण तास आले नाहीत, आणि परेड माझ्याच हट्टापायी पाऊण तास सावधानमध्ये होती. दोन पोरी रडल्या. ती माझी चूक, म्हणून हा परिच्छेद.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, संचलन झालं की लगेच विसर्जन द्या. भाषणं परेडला उभी करून ऐकवू नका. "परेड, विसर्जन" म्हटलं की उजवीकडे वळायचं, मनात तीन मोजायचं आणि मग ओळ मोडायची. हे तीन कुणीच मोजत नाही, कारण तोवर बुंदीचं टोपलं उघडलेलं असतं. मी त्यावर अकरा वर्षांत एकदाही बोललो नाही.

तुराटी पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. उधई लागते आणि टोक झिजून दोन इंच कमी होतं. दरवर्षी नवी कापा, आणि टेपने मोजून.